चाळीस दिवसांचा उपवास आणि मुद्दाम खाल्लेला अर्धा पाव : असिसीच्या संत फ्रान्सिसची गोष्ट

मध्य इटलीत त्रासिमेनो नावाचं एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्यातल्या एका बेटाचं नाव इसोला माज्जोरे. १२११ च्या आसपास, राखेच्या बुधवारच्या आदल्या रात्री या बेटाला एक होडी लागली. तिच्यातून तिशीचा एक किडकिडीत माणूस उतरला. अंगात जाडाभरडा झगा, कमरेला दोरी आणि बरोबर दोन छोटे पाव. बस्स, एवढंच सामान.

होडी घेऊन आलेल्या यजमानाला त्याने दोन गोष्टी बजावल्या. आपण इथे आहोत हे कुणाला कळू द्यायचं नाही. आणि न्यायला यायचं ते थेट पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या तीन दिवस आधी.

बेटावर तेव्हा वस्ती नव्हती. काट्याकुट्यांची एक दाट जाळी बघून तो तिच्यात शिरला आणि तिथेच राहिला. ठरल्याप्रमाणे होडी परत आली, तेव्हा यजमानाने पाहिलं तर दोन पावांपैकी एक अख्खा शिल्लक, आणि दुसराही अर्धा.

म्हणजे सगळ्या उपवासकाळात या माणसाने खाल्लं काय, तर अर्धा पाव.

खरी मेख पुढे आहे. हा अर्धा पाव भूक सहन होईना म्हणून पोटात गेला नव्हता. बायबलप्रमाणे येशू ख्रिस्ताने अरण्यात चाळीस दिवस आणि चाळीस रात्री अन्नाशिवाय काढले होते. आपणही तसेच काढले तर आपण येशूच्या पंक्तीला जाऊन बसल्यासारखं होईल, मनात गर्व शिरेल, अशी त्याला भीती वाटली. म्हणून जमत असतानाही त्याने आपल्या उपवासात मुद्दाम खोट ठेवली.

हा माणूस म्हणजे असिसीचा संत फ्रान्सिस. मार्च २०१३ मध्ये, ऐन उपवासकाळात, पोप म्हणून निवडून आलेल्या अर्जेंटिनाच्या कार्डिनल बेर्गोलिओ यांनी फ्रान्सिस हे नाव घेतलं ते याच संतावरून.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी. बेटाची ही कथा ज्या इटालियन कथासंग्रहात येते, तो फ्रान्सिसच्या मृत्यूनंतर शंभरहून अधिक वर्षांनी तयार झाला. त्यामुळे तिच्यात इतिहास किती आणि भक्तांची भर किती, यावर वाद होऊ शकतो. पण ख्रिस्ती लोक हा चाळीस दिवसांचा उपवास करतात तरी कशासाठी, हे समजून घ्यायला तो अर्धा पाव फार कामाला येतो.

आधी हा उपवासकाळ म्हणजे काय ते पाहू

इंग्रजीत लेंट, मराठीत उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ, गोव्याच्या कोंकणीत करेझम. हा कोंकणी शब्द पोर्तुगीजमधून आला आणि त्याच्या मुळाशी चाळीस हा आकडा आहे. राखेच्या बुधवारी म्हणजे अ‍ॅश वेन्स्डेला हा काळ सुरू होतो आणि ईस्टरला संपतो. कॅलेंडरवर मोजलं तर हे दिवस ४६ भरतात. पण प्रत्येक रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही. सहा रविवार वजा केले की उरतात चाळीस.

पहिल्या दिवशी चर्चमध्ये कपाळावर राख लावतात. ही राख बहुधा आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. माणूस मातीतून आला आणि मातीतच जाणार, याची ती आठवण.

मग चाळीस दिवस तीन गोष्टी करायच्या. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. या तिन्हींबद्दल मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूची एकच अट आहे. गाजावाजा करायचा नाही. दान देताना डांगोरा पिटायचा नाही, प्रार्थना खोलीचं दार लावून करायची, उपवास असला तर तोंड पाडून हिंडायचं नाही.

मध्ययुगात या काळाचे नियम कडक होते. दिवसातून एकदाच जेवण. मांस नाही, आणि बहुतेक ठिकाणी अंडी, दूध, चीजही नाही. आज कॅथलिक चर्चने ते बरेच सैल केलेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस १८ ते ५९ वयाच्या लोकांना उपवास सक्तीचा आहे.

पण नियम कडक असले म्हणून मन कडक होतं असं नाही. आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ना, तसंच तिकडेही होतं. मांस बंद, पण मासा चालतो म्हटल्यावर श्रीमंतांच्या टेबलावर माशांचीच मेजवानी. फ्रान्सिसचा जन्म अशाच एका भरल्या घरात झाला होता.

कापडवाल्याचा पोरगा

साल ११८१ किंवा ११८२. असिसीतले कापडाचे मोठे व्यापारी पिएत्रो बेर्नार्दोने आणि त्यांची बायको पिका यांना मुलगा झाला. बाप्तिस्म्याचं नाव जोव्हान्नी. वडील धंद्यानिमित्त फ्रान्सला जायचे, तिथून आल्यावर ते त्याला फ्रांचेस्को म्हणायला लागले. तेच नाव पुढे टिकलं.

पोरगा दिलदार आणि उधळ्या. भारी कपडे, रात्री उशिरापर्यंत मित्रांबरोबर गाणी, आणि बिल नेहमी याच्या नावावर. सरदार व्हायचं खूळ डोक्यात होतं. १२०२ मध्ये शेजारच्या पेरुजियाशी लढाई झाली, त्यात असिसी हरलं आणि फ्रान्सिस कैदेत पडला. साधारण वर्षभराने सुटला. मग मोठं आजारपण आलं. त्यातून उठल्यावर पूर्वीच्या मजेत त्याचं मन रमेना.

त्या काळी महारोग्यांना गावाबाहेर ठेवत. फ्रान्सिसला त्यांची इतकी किळस होती की लांबून त्यांची वस्ती दिसली तरी तो नाक दाबून तोंड फिरवायचा. एक दिवस घोड्यावरून जाताना समोरच महारोगी आला. फ्रान्सिस घोड्यावरून उतरला, त्याच्या हातावर नाणं ठेवलं आणि त्या हाताचं चुंबन घेतलं. मग तो त्यांच्या वस्तीत जाऊन त्यांची सेवा करू लागला.

चरित्रांमध्ये ही घटना बऱ्याच रंगवून येते. पण मृत्यूच्या थोडं आधी, १२२६ मध्ये, त्याने स्वतः सांगून लिहून घेतलेलं मृत्युपत्र उपलब्ध आहे आणि त्याची सुरुवातच या महारोग्यांपासून होते. आपलं प्रायश्चित्ताचं जीवन तिथून सुरू झालं, आधी जे कडू वाटत होतं तेच गोड झालं, असा त्याचा आशय आहे. म्हणजे फ्रान्सिसच्या हिशेबात प्रायश्चित्ताचा पहिला धडा ताटातल्या पदार्थाशी संबंधित नव्हता. ज्याच्याकडे बघवत नाही त्याच्याकडे बघायचं, हा तो धडा होता.

वडिलांशी मात्र बिनसलं. सान दामियानोच्या पडक्या चर्चची डागडुजी करायला फ्रान्सिसने दुकानातलं कापड आणि घोडा विकून टाकला. वडिलांनी त्याला बिशपसमोर उभं केलं. तिथे, लोकांदेखत, फ्रान्सिसने पैसे परत केलेच, शिवाय अंगावरचे कपडेही उतरवून वडिलांच्या पुढ्यात ठेवले. नागड्या पोराला बिशपने आपल्या झग्याखाली घेतलं. हे १२०६ च्या सुमाराचं.

हळूहळू त्यांच्याभोवती माणसं जमली. सुरुवातीला कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर आम्ही असिसीचे प्रायश्चित्त करणारे लोक, एवढंच ते सांगत. १२०९ मध्ये पोप इनोसंट तिसरे यांनी त्यांना तोंडी मान्यता दिली. आज जगभर पसरलेल्या फ्रान्सिस्कन संघाची ही सुरुवात.

भुकेल्या भावासाठी मांडलेलं ताट

असिसीजवळ रिवोतोर्तो इथे एका पडवीवजा झोपडीत हे सगळे दाटीवाटीने राहत. खाणं कमी, प्रार्थना फार. सुरुवातीच्या उत्साहात जो तो दुसऱ्यापेक्षा जास्त उपवास करायला बघत होता.

एका मध्यरात्री त्यातला एक जण ओरडत उठला. आपण भुकेने मरतोय म्हणू लागला. सगळे दचकून जागे झाले.

फ्रान्सिस उठले. दिवा लावला, आणि जे काही होतं ते वाढायला सांगितलं. पण त्या एकट्याला वाढलं नाही. ते स्वतः त्याच्याबरोबर जेवायला बसले आणि बाकीच्यांनाही बसवलं. का, तर सगळ्यांचा उपवास चालू असताना आपण एकटेच खातोय याची त्याला लाज वाटू नये म्हणून. जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांना समजावलं की प्रत्येकाने आपापल्या शरीराची ताकद ओळखावी. दुसरा करतो म्हणून आपणही तेवढाच उपवास करायला जाऊ नये.

दुसऱ्या एका प्रसंगी एक भाऊ आजारी होता. द्राक्षं खाल्ली तर याला बरं वाटेल, असं फ्रान्सिस यांना वाटलं. बाकीचे उठायच्या आत त्यांनी त्याला मळ्यात नेलं, आणि त्याला संकोच वाटू नये म्हणून आधी स्वतः द्राक्षं तोडून खाल्ली.

उपवासाबद्दल शेकडो प्रवचनं झाली असतील. पण उपवास मोडायची वेळ कोणती, हे या दोन प्रसंगांत जितकं कळतं तितकं क्वचितच कळतं. उपवासाने माणूस शेजाऱ्याची भूक ओळखायला शिकतो. त्याऐवजी शेजाऱ्याची लाज काढायला शिकत असेल, तर त्या उपवासाचा काही उपयोग झाला नाही.

१२२३ मध्ये पोप होनोरियस तिसरे यांनी मान्य केलेल्या संघाच्या नियमातही हेच उतरलंय. त्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून नाताळपर्यंत उपवास आहे, ईस्टरच्या आधीचा मोठा उपवासकाळ आहे, आणि वर्षभर शुक्रवारचा उपवास आहे. जानेवारीत आणखी एक चाळीस दिवसांचा उपवास सुचवलाय, पण तो ऐच्छिक. जो करेल त्याला आशीर्वाद, नाही करणार त्याच्यावर बंधन नाही. खरी गरज असेल तेव्हा तर कुठलाच उपवास बंधनकारक नाही. आणि लोकांच्या दारी गेल्यावर पुढ्यात येईल ते खायची मोकळीक.

नाताळ शुक्रवारी आला तर काय, असा प्रश्न एकदा निघाला. शुक्रवार म्हणजे मांस वर्ज्य. यावर फ्रान्सिस जवळजवळ चिडलेच. येशूच्या जन्माच्या दिवशी भिंतींनीसुद्धा मांस खावं, आणि त्यांना खाता येत नसेल तर निदान वरून फासावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. उपवासात बुडालेला माणूस सणाच्या दिवशी इतका सैल होतो, हे ऐकून बरं वाटतं.

हाच नियम पाळणारे फ्रान्सिस्कन सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आले. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या शेजारचं संत फ्रान्सिसचं चर्च त्यांचंच, आणि वसईच्या किल्ल्यातही त्यांच्या चर्चचे अवशेष उभे आहेत. संसारी माणसांनाही प्रायश्चित्ताचं जीवन जगता यावं म्हणून फ्रान्सिस यांच्या चळवळीतून तृतीय संघ निघाला होता. त्या परंपरेतल्या संतांच्या मूर्तींची मिरवणूक आजही गोवा वेल्हा इथे निघते, तीही उपवासकाळातच, ईस्टरच्या साधारण दोन आठवडे आधीच्या सोमवारी. गोव्यातल्या अनेकांना ती माहीत असते, पण ती असिसीच्या त्या झोपडीपर्यंत जाऊन पोहोचते हे लक्षात येत नाही.

उपवास लपवायचा, खाणं जाहीर करायचं

एकदा फ्रान्सिस नाताळपूर्वीच्या उपवासात आजारी होते. तेल सोसत नव्हतं म्हणून त्यांच्यासाठी जेवण डुकराच्या चरबीत शिजवलं होतं. पुढे पोज्जो बुस्तोने इथल्या मठाजवळ त्यांचं प्रवचन ऐकायला मोठी गर्दी जमली. फ्रान्सिस यांनी सुरुवातच कबुलीने केली. तुम्ही मला साधू समजून आलात, पण या उपवासात मी चरबीतलं अन्न खाल्लंय, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं.

थंडीत पोटाला ऊब मिळावी म्हणून सोबत्यांनी त्यांच्या झग्याला आतून कोल्ह्याच्या कातड्याचा तुकडा लावायचं ठरवलं, तर त्यांनी अट घातली की तेवढाच तुकडा बाहेरूनही लावा. आत ऊब आहे हे लोकांना दिसलं पाहिजे.

येशूने सांगितलं होतं उपवास लपवा. फ्रान्सिस एक पाऊल पुढे गेले. उपवास बेटावर लपवला आणि उपवासातली सवलत चौकात जाहीर केली. उपवासाच्या थाळीचा फोटो स्टोरीला टाकायच्या काळात हा उलटा हिशेब जरा झोंबतो.

पण इथेच एक अडचणही आहे. आजारपणात थोडं कोंबडीचं मांस खाल्लं म्हणून बरं वाटल्यावर त्यांनी आपल्या गळ्यात दोरी बांधायला लावली आणि सोबत्याला असिसीच्या रस्त्यांतून चोरासारखं ओढत न्यायला सांगितलं. हा बघा खादाड, असं ओरडत. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं चरित्रकार लिहितात. आज वाचताना मात्र ते अंगावर येतं. अन्नाला चव राहू नये म्हणून ते त्यात राख किंवा गार पाणी मिसळत, असंही नोंदलंय. रिवोतोर्तोच्या भावाला जी माया मिळाली, ती फ्रान्सिस यांच्या स्वतःच्या शरीराच्या वाट्याला कधी आली नाही. शरीराला ते थट्टेने गाढवभाऊ म्हणायचे. ओझं वाहायचं, मार खायचा, मिळेल ते चघळायचं.

दुसऱ्याने असं केलेलं मात्र त्यांना खपत नसे. १२१२ च्या झावळ्यांच्या रविवारी रात्री असिसीच्या सरदार घराण्यातली क्लारा घर सोडून त्यांच्याकडे आली. पुढे सान दामियानोत तिने स्त्रियांचा संघ सुरू केला. उपवासकाळात ती सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी काहीच खात नसे. तिची तब्येत ढासळू लागली तेव्हा फ्रान्सिस आणि बिशप या दोघांनी मिळून तिला हुकूम केला की रोज निदान दीड औंस पाव खाल्लाच पाहिजे.

याच सान दामियानोत एकदा बहिणींनी प्रवचनाचा आग्रह धरला. फ्रान्सिस आले, राख मागवली, स्वतःभोवती जमिनीवर तिचं कडं केलं आणि उरलेली डोक्यावर घातली. बराच वेळ गप्प बसले. मग पश्चात्तापाचं स्तोत्र म्हटलं आणि निघून गेले. प्रवचन संपलं होतं.

शरीराची मागितलेली माफी

१२२० पर्यंत फ्रान्सिस संघाच्या कारभारातून बाजूला झाले होते. आदल्याच वर्षी, पाचवं धर्मयुद्ध चालू असताना, ते इजिप्तमध्ये दमिएत्ताजवळ जाऊन सुलतान अल-कामिलला भेटून आले होते. हातात शस्त्र न घेता. परत येताना डोळ्यांचं दुखणं घेऊन आले.

१२२४ च्या ऑगस्टमध्ये ते ला व्हेर्ना या डोंगरावर गेले. देवदूत मिखाएलच्या सणापर्यंतचे चाळीस दिवस ते दरवर्षी वेगळा उपवास करत, त्यासाठी. सोबत लिओ आणि आणखी दोघे-चौघे. या उपवासात, १४ सप्टेंबरच्या सुमारास, त्यांच्या हातापायांवर आणि कुशीत क्रुसावरच्या येशूच्या जखमांसारख्या जखमा उमटल्या, असं मानलं जातं. या जखमा कशाच्या, यावर तेव्हापासून आजवर लिहिलं जातंय. त्यांनी स्वतः त्या शेवटपर्यंत पट्ट्या बांधून आणि बाह्या ओढून लपवल्या, एवढं मात्र सगळे सांगतात.

पुढची दोन वर्षं शरीर साथ सोडत गेलं. दृष्टी जवळजवळ गेली. उपचार म्हणून तापलेल्या लोखंडाने कानापासून भुवईपर्यंत डाग दिला. याच दिवसांत त्यांनी सूर्य, चंद्र, पाणी, अग्नी यांना भाऊ-बहीण म्हणणारं गीत रचलं.

आणि याच दिवसांत एका सोबत्याने त्यांना एक साधा प्रश्न विचारला. तुमच्या शरीराने तुमचं आजवर ऐकलं का? फ्रान्सिस यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, हो, सगळं ऐकलं, कधी नाही म्हटलं नाही. मग सोबती म्हणाला की इतक्या इमानी मित्राला तुम्ही कसं वागवलंत, हा कुठला न्याय? फ्रान्सिस यांना ते पटलं. त्यांनी आपल्या शरीराची माफी मागितली, भावाची मागावी तशी, आणि इथून पुढे त्याला हवं ते देऊ असं कबूल केलं. भावाच्या शरीराशी आपण फार वाईट वागलो, ही खंत त्यांनी मरतानाही बोलून दाखवली.

बाकी सगळ्यांना त्यांनी जे शिकवलं, ते त्यांना स्वतःला इतक्या उशिरा कळलं.

१२२६ चा सप्टेंबर संपत आला होता. असिसीच्या खालच्या अंगाला पोर्झिउंकोला नावाचं छोटं चर्च आहे, तिथे ते अंथरुणावर होते. रोममध्ये जाकोपा नावाची एक सरदार घराण्यातली विधवा त्यांना खूप मानायची. तिच्यासाठी त्यांनी निरोप लिहायला घेतला. राखेच्या रंगाचं कापड आण, मेणबत्त्या आण, आणि रोमला आलो की तू बदाम आणि साखरेची ती मिठाई करायचीस, ती आण.

चाळीस-चाळीस दिवस निर्जन ठिकाणी काढलेल्या या माणसाला शेवटी मिठाई खावीशी वाटली होती.

निरोप निघायच्या आतच जाकोपा दारात हजर झाली. तिने हे सगळं आधीच बरोबर आणलं होतं. मठात स्त्रियांना प्रवेश नव्हता, पण हिच्यासाठी दार उघडलं. ते तिला भाऊ जाकोपा म्हणायचे. तिने मिठाई केली. त्यांना फारशी खाववली नाही, नुसती चव घेतली. मग त्यांना बेर्नार्दची आठवण झाली, सगळ्यांत आधी आपलं घरदार विकून त्यांच्याबरोबर आलेला तो. ही त्याला आवडेल म्हणाले, त्याला बोलावून घेतलं आणि उशाशी बसवून खायला दिली.

३ ऑक्टोबर १२२६ ला संध्याकाळी, त्यांच्याच सांगण्यावरून उघड्या जमिनीवर ठेवलेलं असताना, फ्रान्सिस गेले. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस. जाकोपाने आणलेल्या राखेच्या रंगाच्या कापडाचा झगा शिवला होता. त्यातच त्यांना पुरलं.